कच्चा माल ठेवायचा नाही

आमच्या माऊला परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, त्या संध्याकाळी मी घरात जाहीर करून टाकलं, "बाकीचं तुम्ही मायलेकी बघा. फोटोची काळजी कोणी करायची नाही!"

खरं सांगायचं तर फोटोची काळजी कोणी करतच नव्हतं. बायको थंडीच्या कोटामागे लागली होती, माऊ वसतिगृहाच्या खोलीमागे. पण घरातल्या प्रत्येकाने धावपळ करायची आणि बापाने नुसतं पंख्याखाली बसून राहायचं, हे बरं दिसत नाही. शिवाय फोटो हा माझा प्रांत. गल्लीच्या तोंडाशी माझा स्टुडिओ आहे, माऊच्या जन्माआधीपासून आहे. गल्लीत मला सगळे मास्तर म्हणतात. इथे फोटो काढून लोक कुठे कुठे गेले! डॉक्टर गेले, नर्सा गेल्या, जहाजावरचे स्वयंपाकी गेले. एक जण तर बायकोला न सांगता गेला. माझा एकही फोटो आजवर परत आलेला नाही. तो माणूसही आला नाही, पण तो भाग वेगळा.

माझं वैशिष्ट्य म्हणजे मी फोटोवर हात फिरवतो. हल्ली त्याला भलभलती इंग्रजी नावं आहेत. मी निगेटिव्हवर पेन्सिल चालवायचो तेव्हापासून त्याला हात फिरवणंच म्हणतो. माणूस माझ्याकडे येतो तेव्हा झोप न झालेला, कर्जाने पिचलेला, बायकोशी भांडलेला असतो. फोटोत मात्र तो नुकताच सुट्टीवरून आल्यासारखा दिसतो. मुरुम, सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं माफ. गिऱ्हाइकाला सांगावं लागत नाही. आणि हात फिरवून झाला की मूळ फोटो मी काढून टाकतो. कच्चा माल ठेवायचा नाही, हा माझा नियम. शिंपी सदरा देताना चिंध्या बांधून देतो का?

समोर झटपटचं दुकान. त्याचं खरं नाव कोणाला आठवत नाही. पाटीवर 'झटपट फोटो' लिहिलंय, म्हणून तो झटपट. तो फोटो काढतो म्हणजे बटण दाबतो. कोणाचं डोकं कापलेलं, कोणाचे डोळे मिटलेले. हात फिरवणं त्याच्या गावीही नाही. इतका आळशी, की टाकणं हेसुद्धा एक काम असतं म्हणून तो काही टाकत नाही. जुने निगेटिव्ह बुटांच्या खोक्यांत भरतो आणि माळ्यावर ढकलतो. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. फक्त एकमेकांची गिऱ्हाइकं बघायचो.

आता माऊबद्दल. तिच्या डाव्या गालावर जन्मखूण आहे. डोळ्याखालून निघते आणि जबड्यापर्यंत उतरते, गडद तांबूस, चांगली तळहाताएवढी. ती जन्मली तेव्हा बघायला आलेल्या बायका आधी तिच्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघून 'च्च' करायच्या. त्या 'च्च'चा मला इतका संताप आला, की तिचा पहिला फोटो काढल्यावर मी पेन्सिल घेऊन बसलो तो काम संपेपर्यंत उठलो नाही. तो फोटो बघून कोणीही 'च्च' केलं नाही. "किती गोड!" म्हणाले. त्यानंतर तिचा प्रत्येक फोटो मीच काढला, आणि प्रत्येकावर हात फिरवला. शाळेचं ओळखपत्र, बसचा पास, वाचनालयाचं कार्ड, पासपोर्ट. माझी मुलगी आहे. दुसऱ्यांच्या मुलींचे मुरुम काढायचे आणि स्वतःच्या मुलीला तसंच ठेवायचं?

तर माऊ मातीचा अभ्यास करायला निघाली होती. माती काय आपल्याकडे कमी आहे? पण त्या विद्यापीठात मातीचा मोठा विभाग आहे आणि ते शिष्यवृत्ती देतात. एकच अट. सत्र सुरू होईल त्या दिवशी स्वतः तिथे सही करायला उभं राहायचं. नाही राहिलात, तर जागा यादीतल्या पुढच्याला. तो पुढचा कोण, कुठला, मला ठाऊक नाही, पण त्या काळात तो रोज माझ्या स्वप्नात येऊन बॅग भरायचा.

"बाबा, साधा काढा," माऊ स्टुलावर बसत म्हणाली. "नियम वाचलेत ना? पांढरा पडदा, हसायचं नाही आणि फोटोत काही बदल करायचा नाही."

"मला नियम शिकवतेस?"

"शिकवत नाही, सांगतेय. आहे तसा द्या. ह्या वेळी खरंच आहे तसा."

"आहे तसाच देणार. माझ्या फोटोत तू नाही तर काय तो झटपट दिसणार?"

तेवढ्यात तिला वसतिगृहाचा फोन आला आणि ती बाहेर गेली. मी फोटो संगणकावर घेतला. शपथ घेऊन सांगतो, मी मुद्दाम काही केलं नाही. उंबऱ्यापाशी आलं की पाय जसा आपोआप उचलला जातो, तसा त्या गालापाशी माझा हात जातो. हात गेला, खूण गेली, मूळ फोटो टोपलीत गेला. ती परत यायच्या आत मी फोटो अर्जाला जोडून पाठवूनही दिला. "झालं का?" तिने विचारलं. "कधीच!" मी म्हणालो.

व्हिसाच्या ऑफिसात मीही बरोबर गेलो. तिला गरज नव्हती, पण मोठ्या ऑफिसात मुलीबरोबर बाप असावा. तिथे खुर्च्या जमिनीला बोल्टने पक्क्या केलेल्या होत्या, लोक खुर्च्या उचलून परदेशी नेतील अशी भीती असावी. खिडकीवरच्या बाईने कागद पाहिले, माऊकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिले. मग माऊला त्यांच्या कॅमेऱ्यासमोर उभं केलं. पडद्याकडे बघून तिने शेजारच्या खिडकीवरच्याला बोलावलं. तोही पडद्यापाशी वाकला.

"हा फोटो कोणी काढलाय?" बाईने जरा मोठ्याने विचारलं.

हा प्रश्न मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकलाय, आणि लोक तो कौतुकानेच विचारतात. मी उठलो. शर्ट खोचला. "मी काढलाय," म्हणत माझं कार्ड काचेखालून आत सरकवलं. "ऑफिसातल्या मंडळींना सवलत देऊ," असंही वर म्हणालो.

बाईने कार्ड फायलीला टाचलं. मला वाटलं, चला, बसल्या जागी गिऱ्हाईक मिळालं.

थोड्या वेळाने आम्हाला आत साहेबांकडे नेलं. साहेब वयाने माझ्याएवढेच, टक्कल पडलेले, नाकावर मस. मी मनातल्या मनात तो काढूनही टाकला होता.

"अर्जातली मुलगी आणि पासपोर्टातली मुलगी एकच आहे," साहेब म्हणाले. "समोर बसलेली मुलगी ती दिसत नाही."

"साहेब, तेवढी खूण काढलीय. बाकी नाक-डोळे तेच."

"पासपोर्टातलीही तुम्हीच काढली?"

"तो तर ह्याहून छान आलाय."

माऊने माझ्याकडे पाहिलं. मी त्या बाजूला पाहिलं नाही.

"मूळ फोटो घेऊन या," साहेब म्हणाले.

"मूळ नाही. कच्चा माल ठेवायचा नाही, हा आपला नियम आहे."

माऊने आपला फोन पुढे केला, त्यात तिचे तिनेच काढलेले फोटो होते. साहेबांनी मान हलवली. फोनमध्ये कोणीही काहीही करतं, म्हणाले. एखाद्या संस्थेने दिलेला, शिक्का असलेला जुना फोटो हवा. चेहरा तोच आहे हे त्यावरून पटलं पाहिजे.

"एवढंच ना?" मी म्हणालो. माझ्याइतके शिक्क्याचे फोटो शहरात कोणाकडे असणार?

दुसऱ्या दिवशी मी माऊची प्रवासाची नवी कोरी बॅग भरून पुरावे नेले. माऊ नको नको म्हणत होती. "बाबा, त्यात काय आहे ते तुम्हाला माहितीये ना?" मी म्हटलं, तू गप्प बस, हे मोठ्या माणसांचं काम आहे. साहेबांच्या टेबलावर मी एकेक वस्तू मांडली. बालवाडीचं ओळखपत्र. शाळेची सगळी कार्डं, वर्षवार. पोहण्याच्या तलावाचा पास. वाहन परवाना. वक्तृत्वाचं प्रशस्तिपत्र, त्यावर फोटो आणि वर गोल शिक्का. टेबल भरलं तेव्हा उरलेली मी खिडकीच्या कट्ट्यावर लावली.

साहेबांनी शांतपणे सगळं पाहिलं. मग चष्मा काढला.

"हे सगळे फोटो एकाच मुलीचे आहेत, हे मला पटलं," ते म्हणाले. "ती मुलगी ही नाही, हेही पटलं. तुम्हाला मुली किती?"

"एक!"

"जुळी वगैरे?"

"अहो, एकच आहे. हीच आहे."

"मग ही कोण?" त्यांनी बालवाडीपासून परवान्यापर्यंत हात फिरवला. काल फक्त फोटोचा घोळ होता, आज प्रकरण दुसऱ्याच्या नावावर परदेशी जाण्याच्या संशयावर गेलं होतं. आणि ते मी स्वतः बॅगेतून उचलून आणलं होतं. ती मातीचा अभ्यास करायला निघाली होती, माती खाल्ली मी.

साहेबांनी चौकशी लावली. त्यांचा माणूस गल्लीत येऊन आजूबाजूला विचारपूस करणार, असं कळलं. माऊ म्हणाली, "आता कृपा करून काही करू नका." पण स्वस्थ बसवतं का? चौकशीवाला येणार म्हणजे त्याला मुलगी सहज ओळखता आली पाहिजे. मी तिचा सगळ्यात चांगला फोटो निवडला, दाराएवढा मोठा केला आणि दुकानाच्या काचेत लावला. वरून दिवा सोडला. बायको भाजी घेऊन येताना काचेपाशी थांबली. बराच वेळ बघत राहिली आणि घरात गेली. मला वाटलं, डोळे भरून आले असतील.

चौकशीवाला आला तेव्हा मी नेमका शाई आणायला गेलो होतो. त्याने शेजारच्या लाँड्रीवाल्याला गाठलं. लाँड्रीवाला माऊला ती रांगत होती तेव्हापासून ओळखतो. त्याने पुढे जे सांगितलं ते मला त्यानेच मोठ्या अभिमानाने ऐकवलं.

"तो विचारत होता, ही काचेतली मुलगी ह्याच घरात राहते का? म्हटलं, छे! ही कोणीतरी जाहिरातीतली आहे. मास्तरांच्या मुलीला गालावर खूण आहे. लाखात एक पोर आहे, रोज जाता-येता हाक मारते. मी बरोबर सांगितलं ना मास्तर? परक्या पोरीच्या भानगडीत आपली माऊ नको अडकायला."

इतक्या वर्षांत लाँड्रीवाल्याने माझ्या दुकानात तिचे एवढे फोटो पाहिले, ते सगळे त्याला जाहिराती वाटले होते.

अहवालात ते जसंच्या तसं आलं. 'छायाचित्रातील मुलगी सदर घरात राहत नाही.' साहेबांनी आम्हाला तो वाचून दाखवला आणि म्हणाले, खूण असलेला, संस्थेचा एक तरी जुना फोटो असल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. सत्र सुरू व्हायची तारीख त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्याच पानावर होती. मला ती दारापासूनही दिसत होती.

बसस्टॉपवर आम्ही दोघं एका बाकावर बसलो. एवढी भांडकुदळ पोर, पण आवाज अजिबात चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"बाबा, लहानपणी मला वाटायचं की ही खूण कॅमेऱ्यात उमटतच नाही. आरशात दिसते, फोटोत नाही. वाटायचं, आपल्याकडचा कॅमेरा जादूचा आहे. मग झटपटकाकांनी शाळेत वर्गाचा फोटो काढला. त्यात होती. तेव्हा कळलं."

"मग तेव्हाच बोलायचं नाही का?"

"काय बोलू? तुम्ही तो फोटो हातात घेतलात, 'किती घाणेरडा' म्हणालात आणि फाडून टाकलात. मी समोर उभी होते."

हे मी म्हणालो होतो. पण मी ते प्रकाशाबद्दल म्हणालो होतो! मागच्या दोन ओळी अंधारात होत्या, उजेड कुठून घ्यायचा याची त्या झटपटला अक्कल नाही. हे सगळं मी तिला तिथेच समजावून सांगितलं, सूर्य कुठल्या बाजूला पाहिजे होता ते हात करून दाखवलं. ती बस येते त्या दिशेला बघत राहिली. बोलता बोलता मलाच कळेना की मी नक्की कशाबद्दल म्हणालो होतो, तेव्हा मी थांबलो.

पण तिच्या बोलण्यातला वर्गाचा फोटो माझ्या डोक्यात अडकून बसला. शाळा म्हणजे संस्था. शाळेत जाऊन विचारलं. त्यांची प्रत कधीच गळक्या भिंतीवर खराब झाली होती, पण मुख्याध्यापिका म्हणाल्या, फोटो आणा, मी मागे सही-शिक्का करून देते. म्हणजे आता एकच दार उरलं, आणि ते माझ्या दुकानाच्या बरोबर समोर होतं.

झटपटच्या दुकानाची पायरी मी जन्मात पहिल्यांदा चढलो. त्याने मला वर-खाली पाहिलं.

"पासपोर्ट साइज?" त्याने विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्याने एका शब्दाने टोमणा मारला नाही, त्याचाही मला रागच आला. शिडी लावली, माळ्यावर चढला आणि एकेक खोकं खाली सोडायला लागला. धुळीने माझा सदरा भरला. चपलांची, बुटांची, स्लिपरची खोकी, आणि प्रत्येकात त्याने आजवर काढलेला प्रत्येक वाईट फोटो. जपून ठेवलेला!

आपण उपकार मागायला आलोय, हे मला कळत होतं. तरी तो पसारा बघून राहवलं नाही.

"अरे, काय हे भंगार साठवलंयस? धंद्याला काही शिस्त असते की नाही? फोटोवर नीट हात फिरवावा, गिऱ्हाइकाला द्यावा, मूळ टाकून द्यावा. कच्चा माल ठेवायचा नाही! तू मागे राहिलास तो ह्याच्यामुळे."

झटपट शिडीवरून मान डोलवत ऐकत होता. "खरंय मास्तर," तो म्हणाला. "तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे."

मला वाटलं, खिजवतोय.

निगेटिव्ह सापडला. त्याने प्रत काढून दिली. त्यात मुख्याध्यापिकांचे डोळे मिटलेले, मागच्या ओळीत दोन मुलांना डोकी नाहीत, कडेला कोणाचा तरी नुसता कोपर. आणि दुसऱ्या ओळीत माऊ. पुढचे दात पडलेले, तोंड उघडं टाकून हसतेय, आणि गालावर ती खूण, डोळ्यापासून जबड्यापर्यंत, जशी आहे तशी. माझ्या एकाही फोटोत ती अशी हसलेली नाही. मी हसू देत नसे. हसलं की गाल हलतो आणि काम वाढतं.

घरी बायकोने तो फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला. "ही बघ माझी माऊ," ती माऊलाच म्हणाली. मी तिथेच उभा होतो. काचेतल्या दाराएवढ्या फोटोला ती असं काही म्हणाली नव्हती.

शिक्क्याचा फोटो पाहून साहेब नरमले. फोटो त्यांनी फायलीत घेतला. आता नवा पासपोर्ट, नवा फोटो आणि माझं एक निवेदन, एवढं झालं की सुटलात, म्हणाले. निवेदन त्यांनीच सांगितलं आणि मी लिहिलं. 'मी, सदर मुलीचा पिता, तिच्या चेहऱ्यावरील जन्मखूण तिच्या प्रत्येक छायाचित्रातून काढून टाकली आहे.'

"'तिला न विचारता', हेही लिहा," माऊ म्हणाली.

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. लिहिलं.

खाली 'कारण' असा रकाना होता. मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि मग 'प्रेम' असं लिहिलं. साहेबांनी चष्म्यावरून वाचलं.

"कारणात असलं चालत नाही," ते म्हणाले. त्यांनी ते खोडलं, वर 'सवय' लिहिलं आणि मला सही करायला लावली.

नवा फोटो तिने पासपोर्ट ऑफिसच्या व्हरांड्यातल्या यंत्रात काढला. कपाटासारखं यंत्र, आत स्टूल, बाहेर पडदा. मी पडदा बाजूला करून म्हणालो, "हनुवटी जराशी..." "बाबा, तुम्ही बाहेर थांबा," ती आतून म्हणाली. मी बाहेर थांबलो. आयुष्यभर मी पडद्याच्या आतल्या बाजूला असायचो. यंत्राने चार वेळा उजेड पाडला आणि खालून पट्टी बाहेर टाकली. उजेड भयंकर, कपाळ तेलकट, डोळे सुजलेले. व्हिसाच्या ऑफिसात तो बघताक्षणी घेतला.

माझा फोटो परत आला आणि त्या कपाटाचा पहिल्या फटक्यात पास झाला. ज्याने धंद्यात उमेदीची वर्षं घालवलीत, त्यालाच हे कळेल.

व्हिसा आला तोवर तिकीट दोनदा बदलून झालं होतं आणि वसतिगृहातली खोली दुसऱ्याला गेली होती. पण तारीख हातातून गेली नाही. निघायच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, तिघांचा एक फोटो हवा. मी पडदा झटकायला उठलो.

"झटपटकाकांकडे काढू," माऊ म्हणाली.

मी चप्पल घातली. गल्ली ओलांडताना लाँड्रीवाल्याने विचारलं, "मास्तर, तुमचा कॅमेरा बिघडला का?" मी हो म्हणालो. झटपटने आम्हाला उभं केलं, बटण दाबलं, झालं. नाव झटपट, पण प्रत द्यायला त्याने इतके दिवस लावले की माऊ जाऊन, सही करून, वर्गात बसायलाही लागली. ती दाखल झाली त्या दिवशी सगळ्यात शेवटी रांगेत उभी होती, अंगात प्रवासाचेच कपडे होते, असं तिने आईला सांगितलं. मला बायकोने सांगितलं.

ती फोन आईलाच करते. मी मागून डोकावतो. कॅमेरा नेहमी खिडकीकडे असतो. बर्फ दिसतो, सायकली दिसतात, समोरची विटांची भिंत दिसते. "तिथली माती कशी आहे?" मी एकदा ओरडून विचारलं. "गोठलीय," ती म्हणाली.

मग एक दिवस झटपट स्वतः पाकीट घेऊन माझ्या दुकानात आला. नवा शर्ट, चेहरा निकालाच्या दिवशीच्या मुलासारखा. मी फोटो काढून पाहिला. खरंच सुंदर होता. कोणाचं डोकं कापलेलं नव्हतं, तिघांचेही डोळे उघडे होते. माऊ मध्ये उभी होती, हसत होती. आणि तिचा डावा गाल गुळगुळीत होता.

"नवीन प्रोग्रॅम घेतला मास्तर," झटपट म्हणाला. "तुम्ही बोललात ते मनाला लागलं. वेळ लागला, पण शिकलो. पहिलाच आहे, मुद्दाम तुमच्या मुलीपासून सुरुवात केली. तुमच्यासारखा हात फिरलाय की नाही, सांगा."

"मूळ कुठाय?"

"टाकला की. कच्चा माल ठेवायचा नाही. माळ्यावरची सगळी खोकीही भंगारात घातली."

तो चेष्टा करत नव्हता. शाबासकीची वाट बघत उभा होता. इतक्या वर्षांत ह्या गल्लीत कोणी माझ्याकडून काही शिकलं असेल तर ते एवढंच. मी म्हणालो, "कडा अजून जरा मऊ ठेवायच्या." तो खूश होऊन गेला.

वर्गाचा फोटो साहेबांच्या फायलीत अडकलाय. यंत्राची पट्टी माऊ घेऊन गेली. घरात भिंतभर फोटो आहेत, कपाटभर आहेत, बॅगभर होते, आणि त्यात आमची मुलगी कुठेच नाही.

म्हणून मी झटपटचा फोटो संगणकावर घेतला आणि गालावर ती खूण परत रेखाटायला बसलो. म्हटलं, ज्या हाताने ती इतक्या वेळा पुसली, त्या हाताला ती पाठ असणार. डोळ्याखालून सुरुवात केली. पण तिथून ती सरळ उतरते की आधी नाकाकडे वळते? खाली निमुळती होते की पसरते? रंग किती तांबूस? मी आठवायला लागलो की डोळ्यांसमोर साफ गालच यायचा. अर्धा दिवस घालवला. गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या ये म्हटलं.

बायको चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

"हे काय सांडलंय तिच्या तोंडावर?"

"सांडलं नाही. खूण आहे तिची."

तिने पुन्हा पाहिलं. "अशी नाहीये ती."

"मग कशी आहे? सांग, तशी काढतो."

तिने स्वतःच्या गालावर बोट ठेवलं, थोडं खाली आणलं, मग बाजूला नेलं आणि थांबली. मला वाटलं, दाखवेल. पण तिने हात खाली घेतला.

"पुसा ते," ती म्हणाली. "कोणीतरी भलतीच दिसतेय."

मी पुसलं. ते मात्र एका झटक्यात जमलं. हाताला सवय आहे ना.